भंगारातली गो-कार्ट आणि घरी कापलेले दाते

‘जुन्या मोटारसायकलचे इंजिन घ्या, मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) लोखंडी प्लेटमधून घरीच कापा, ते जितके मोठे तितकी ओढ जास्त, एक्सल (मागच्या चाकांचा दांडा) बांधकामाच्या सळईचा करा आणि वळण्यासाठी रिक्षाचे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) बसवा’, असा स्वस्त गो-कार्टचा, म्हणजे छोट्या, बुटक्या, उघड्या चारचाकीचा सल्ला सध्या कोकणातल्या हौशी मंडळींत हातोहात फिरतो आहे. त्यातले इंजिनाचे मला मान्य आहे.

स्प्रॉकेटचे मात्र नाही. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारणपणे ४२८ नंबरची चेन असते. तिची पिच, म्हणजे लगतच्या दोन रोलरांमधले अंतर, १२.७ मिमी आणि आतली रुंदी सुमारे ७.९ मिमी, म्हणजे ६ मिमीची प्लेट तीत डुलते आणि ८ मिमीची घासल्याशिवाय शिरत नाही. ४२ दात्यांच्या खुणा हाताने मारताना एखादी केसभर जरी सरकली, तरी रोलर दोन दात्यांमधल्या खाचेत न बसता दात्यावर चढतो. माझ्या पहिल्या स्प्रॉकेटला असा एक दाता होता. दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येई, आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, जरा वेग घेतला की चेन नेमकी तिथूनच उतरे. लाल करून पाण्यात बुडवले की दाते कडक होतात, हेही साध्या प्लेटला लागू नाही, कारण तिच्यात कार्बनच फार कमी असतो. चेनचे कडक रोलर तिचे दाते कुरतडून हुकासारखे वाकडे करतात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटांचा तयार चेनसेट घ्यावा, हे बरे.

मोठ्या स्प्रॉकेटची गरजही नाही. कार्टच्या ११ इंची मागच्या टायरचा घेर सुमारे ०.८८ मीटर, तर मोटारसायकलच्या १८ इंची चाकाचा टायरसह १.९ मीटरच्या आसपास. म्हणजे मोटारसायकलचीच स्प्रॉकेटे ठेवली तरी वेग निम्म्याहून खाली येतो आणि ओढ आपोआप दुपटीच्या वर जाते. शिवाय ४२ दात्यांवरची चेनसुद्धा जमिनीपासून जेमतेम ५ सेंमी वर राहते. आणखी मोठे स्प्रॉकेट लावले, तर जांभ्याचा पहिलाच उंचवटा तिला लागेल.

डिफरन्शियल तर शर्यतीच्या कार्टलाही नसते. पुढची चाके ज्या खिळींवर वळतात त्या कलत्या असल्यामुळे वळणावर आतले मागचे चाक उचलले जाते, आणि अखंड एक्सल असूनही गाडी वळते.

सळई गोल नसते, धारी असलेली असते, त्यामुळे बेअरिंग तिच्यावर बसत नाही. २५ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत, मापात गोल दांडा) आणि २०५ नंबरचे दोन पिलो ब्लॉक (बैठकीसह बेअरिंग) बाजारात सरळ मिळतात. त्यावर स्प्रॉकेट वेल्डिंगने चिकटवले, तर एक्सल तापून वाकतो आणि झिजलेले स्प्रॉकेट बदलता येत नाही. लेथवर हब (स्प्रॉकेट बोल्टने बसवायचा मधला तुंबा) करून, तो एक्सलवर फिरू नये म्हणून खाचेत ८ मिमीची चावी, म्हणजे लोखंडी पाचर, घालावी. हब, इंजिनाची बैठक, चेन ताणण्यासाठी तिला लांबट भोके, एवढे घरी किंवा ओळखीच्या लेथवर जरूर करावे. चेनगार्डही घरच्याच पत्र्याचा चालतो, पण तो खालूनही बंद असावा, कारण सड्यावरचे खडे वरून नव्हे, त्या ५ सेंमीतून चेनमध्ये येतात.