सात की आठ

माझ्या मासे धरायच्या लाइनमध्ये धागे किती आहेत, हे परवा बोटीवरच्या सहा अनोळखी माणसांनी मिळून मोजलं. मला कोणी विचारलं नाही. तीन दिवस झाले, राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

मुळात ती लाइन निवडायलाच मला पंधरा दिवस लागले होते. खोल पाण्यात जिग, म्हणजे धातूचं वजनदार आमिष, मारायची तर ब्रेडेडच, म्हणजे बारीक धागे विणून केलेलीच लाइन पाहिजे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं, कारण नायलॉन रबरासारखी ताणली जाते, वर तुम्ही रॉडला झटका देता आणि खाली शंभर मीटरवर जिगला त्याची खबरही लागत नाही. ब्रेडेड जेमतेम 3-4 टक्के ताणते. ठीक. पण एकदा ब्रेडेड म्हटलं की पुढे चार धाग्यांची, आठ धाग्यांची, बारा धाग्यांची, पौंड, किलो, पीई, मिलिमीटर, आणि खोक्यावर ताकदीचा आकडा एवढा मोठा की पलीकडच्या बोटीवरून वाचता यावा, जाडी मात्र मागच्या बाजूला बारकोडच्या खाली, मुंगीच्या अक्षरात. मी मोठा आकडा बघून 50 पौंडांची, आठ धाग्यांची घेतली. मोठा मासा लागला तर तुटायला नको, एवढाच विचार. मासा लागणार हे धरूनच चाललो होतो.

बोट निघाली. जागेवर पोचायला दोन तास. शेजारी एक काका बसलेले, पासष्टीचे असतील, पीटीचे सर शिट्टी अडकवतात तशी गळ्यात छोटी कात्री अडकवलेली. त्यांनी माझ्या रीळकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत रीळकडे, आजारी जनावराकडे बघावं तसं.

"पीई किती?"

"50 पौंड," मी म्हटलं.

"मी पौंड नाही विचारले. पीई विचारलं."

मग मला सांगण्यात आलं की पीईचा आकडा ताकदीचा नसतोच, जाडीचा असतो. 9000 मीटर लाइनचं वजन 200 ग्रॅम भरलं तर ती पीई एक, 400 भरलं तर पीई दोन. मी मान हलवत होतो. नऊ किलोमीटर लाइन तागडीत घालून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आला आणि मला हसू आलं, तेच चुकलं. काकांनी अंगठा आणि तर्जनीत माझी लाइन धरून चोळली, कानाजवळ नेऊन नखाने छेडली, तंबोरा लावतात तशी. "पीई चार तरी आहे ही. 0.33 मिलिमीटर. तुम्हाला 0.23 वाली पाहिजे होती. आणि हे आठ धागे कोणी सांगितलं?"

"खोक्यावर लिहिलंय."

"मोजले?"

मी मोजले नव्हते. आता मला सांगा, धागे मोजून लाइन घेणारा माणूस तुम्ही बघितलाय? मोटार घेताना आपण बॉनेट उघडून सिलिंडर मोजतो का? पण काका तोवर कामाला लागले होते. टोक पाहिजे म्हणाले. टोकाला माझा लीडर होता, म्हणजे लाइन आणि जिगच्या मधला न विणलेला तुकडा, फ्लुरोकार्बनचा, आणि तो ब्रेडेडला जोडणारी एफजी गाठ. ही गाठ ज्याने मारलीय त्यालाच कळेल. ब्रेडेड लाइन लीडरभोवती एकदा इकडून, एकदा तिकडून, असे वीसेक वेढे विणत जायचं, आणि ताण जरा सैल पडला की सगळं उसवतं. आदल्या रात्री मी ती दीड तास मारत होतो, एक टोक दातात, दुसरं पायाच्या अंगठ्यात. मुलीने दारातून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, वेणी घालताय?" आणि निघून गेली. पाचव्या प्रयत्नाला जमली होती. सुंदर होती हो. बारीक, घट्ट, नखाला लागत नव्हती.

कच्.

गळ्यातल्या कात्रीने काकांनी ती गाठीच्या वरून कापली. माझ्या कात्रीने ही लाइन धड कापत नाही, नुसती चावली जाते, त्यांच्या कात्रीने एका फटक्यात गेली. "गाठ काय, परत मारता येते," म्हणाले.

मग मोजणी. गळाच्या टोकाने त्यांनी वीण मोकळी केली, एकेक धागा वेगळा करून डाव्या तळव्यावर पसरला. धागे कसले, कोळिष्टक बरं. एक, दोन, तीन, चार, बोट हलली. परत एक. पाच-सहापर्यंत गेले तर वाऱ्याने दोन धागे उडाले. परत एक. पलीकडचा टोपीवाला उठून जवळ आला, मग त्याचा मित्र, मग आणखी दोघं, मग बोटीवरचा पोऱ्यासुद्धा. मी बाहेर, माझी लाइन आत. "सात!" काका म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच एक खाल्ला. टोपीवाल्याने मोजले, त्याचे आठ भरले. पोऱ्याचे नऊ. दोघांत वाद झाला की एक धागाच मध्ये फाटलाय का. फेरमोजणीसाठी आणखी वीतभर लाइन कापली. ती पण माझीच.

शेवटी आठच निघाले. मी म्हटलं, चला, सुटलो. काका तळवा झटकत म्हणाले, "आठ आहेत. पण आज तळ खडकाळ आहे, इथे चारचीच पाहिजे होती. चारमध्ये एकेक धागा जाड असतो, घासलं तरी टिकतो." म्हणजे एक कमी असता तरी मीच मूर्ख, पुरे भरले तरी मीच. मोजल्यापासून ते मला अरे-तुरे करायला लागले, हेही नोंदवून ठेवतो. त्यांच्या अंगठ्याला माझ्या लाइनचा निळा रंग लागला होता, तो त्यांनी माझ्याच बॅगेला पुसला.

हलत्या बोटीवर मी कशीबशी दुसरी गाठ मारली, एफजी नव्हे, जी आठवली ती. जागा आली, 120 मीटर पाणी. लाइनचा रंग दर दहा मीटरला बदलतो, म्हणजे बारा रंग सोडले की तळ लागायला पाहिजे. माझे सोळा रंग गेले तरी 200 ग्रॅमची जिग खाली टेकेना, आणि लाइन सरळ जायच्या ऐवजी लांब कुठेतरी बोटीच्या मागे. शेजारी काकांचे तेराव्याला टेकले. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या लाइनच्या दिशेने हनुवटी हलवली. जाड लाइनला प्रवाह धरतो, तिचा कमानीसारखा फुगवटा होतो, शिवाय ही लाइन स्वतः पाण्यापेक्षा हलकी, बुडायचं नावच घेत नाही. बरोबर होतं त्यांचं. हेच तर जास्त झोंबतं.

आणि मग लागला. खरंच लागला. रॉड वाकला, सगळे ओरडले, मी ड्रॅग, म्हणजे रीळचा ब्रेक, घट्ट केला, अजून घट्ट केला, पार आवळला, हँडल फिरवतोय फिरवतोय आणि लाइन बाहेरच चाललीय. मनात म्हटलं गाठ सुटली असणार आणि खरं सांगतो, मला आनंद झाला, कारण दोष कोणाचा ते सगळ्यांसमोर सिद्ध होणार होतं. गाठ शाबूत होती. स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली रीळची चकरी, जागच्या जागी, आणि त्याच्यावरचा लाइनचा अख्खा गठ्ठा सैल बांगडीसारखा गरागरा फिरत होता. तोवर मासा गेला.

"खाली नायलॉन गुंडाळली नव्हती?" काका. "निदान टेप?"

नव्हती. ही लाइन इतकी गुळगुळीत की गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली तर पकडच घेत नाही, आधी थोडी नायलॉन नाहीतर टेपचा तुकडा लागतो. हे सगळ्या जगाला माहीत आहे म्हणे. मग खोक्यावर का नाही? त्या खोक्यावर उसळी मारणारा मासा आहे, सोनेरी अक्षरं आहेत, 300 मीटर लाइन विकता तर आत तीन इंच टेप टाकायला काय जातं यांचं? आणि वापरणाऱ्याने विचारलं की म्हणायचं, अनुभवाने येतं. अनुभव म्हणजे काय, तर माझे पैसे, माझा मासा आणि सहा माणसं बघायला.

उतरताना काकांनी खिशातून माझ्या लाइनचा कापलेला तुकडा काढून दाखवला. "नमुना ठेवतो," म्हणाले.

काल नवीन लाइन आली. पीई दोन. आठचीच घेतली, मुद्दाम. स्पूलला टेप लावली, त्यावर नायलॉन, त्यावर ही, ओल्या फडक्यातून ताण देत देत सगळी भरली. मग रात्री टेबल लॅम्पखाली सुई घेऊन बसलो, सहज.

सात निघाले. परत मोजतोय.