व्हिएतनामच्या समाधीवर ‘शिवरायांचा मावळा’ असं काही लिहिलेलं नाही

फेब्रुवारी आला की तो व्हिएतनामचा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाच्याच्या भाषणात शिरलाय. मालवणातल्या शाळेत शिवजयंतीची स्पर्धा आहे, पोराने सगळा तोंडपाठ केलाय, आणि मी म्हटलं हे खोटं आहे तर मावशी माझ्यावरच चिडली, “इतक्या लोकांनी पाठवल्यानी, मगे खोटा कसा असतला?” म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

मेसेज थोडक्यात असा. चिमुकल्या व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं. पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं, कसं जमलं? ते म्हणाले, मी शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं, त्यांचीच युद्धनीती वापरली, असा राजा आमच्याकडे जन्मला असता तर आम्ही जगावर राज्य केलं असतं. पुढे ते वारले तेव्हा समाधीवर लिहिलं, ‘शिवरायांचा एक मावळा इथे विसावला आहे’. मग त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, रायगडावर गेल्या आणि तिथली मूठभर माती घेऊन गेल्या.

समाधीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे आणि लोकांच्या डोळ्यात पाणीही तिथेच येतं. व्हिएतनामचा जगाला माहीत असलेला राष्ट्राध्यक्ष म्हणजे हो ची मिन्ह. तो वारला २ सप्टेंबर १९६९ ला. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. म्हणजे अमेरिका हरल्यावर ज्याची मुलाखत घेतली म्हणतात तो माणूस त्याआधीच साडेपाच वर्षं गेलेला होता! बरं, त्याने मृत्युपत्र लिहून ठेवलंय, ते छापलेलंही आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की माझं दहन करा, राख तीन भागांत वाटा आणि उत्तर, मध्य, दक्षिण अशा तिन्ही भागांत एकेका टेकडीवर ठेवा. समाधीवर काय कोरायचं वगैरे भानगडच नाही, त्याला समाधीच नको होती. पक्षाने ऐकलं नाही, देह मसाला लावून जपला आणि हनोईत बा डिन्ह चौकात मोठी दगडी वास्तू बांधली. तिच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच आहे. हजारो लोक रोज रांग लावून आत जातात, त्यात आता भारतीय पर्यटकही भरपूर असतात. तिथे महाराजांचं नाव असतं तर एकाने तरी फोटो टाकला नसता का?

मग कोणी म्हणतं, तो नव्हे, दुसरा राष्ट्राध्यक्ष असेल. कोण? मेसेजमध्ये नाव का नाही? परराष्ट्रमंत्र्यांचं एका आवृत्तीत मॅडम बिन्ह असं नाव येतं. न्गुयेन थी बिन्ह ही खरी बाई, अमेरिकेशी झालेल्या १९७३ च्या पॅरिस शांतता करारावर सही करणारी, पण ती दक्षिणेतल्या क्रांतिकारी सरकारची परराष्ट्रमंत्री होती, देश एक झाल्यावर ती शिक्षणमंत्री झाली. आणि कोणी रायगडाची माती नेली म्हणून हनोईत शिलालेख उगवत नाही, त्यामुळे हा मुद्दा इथेच सोडतो.

आता ‘चरित्र वाचून युद्ध जिंकलं’. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते युद्ध ज्याने लढवलं त्याचं नावसुद्धा मेसेजमध्ये नाही. जनरल व्हो न्गुयेन जियाप. हा इतिहासाचा मास्तर, हनोईत शाळेत शिकवायचा, कुठल्याही सैनिकी शाळेत गेलेला नाही. तेव्हा व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं, त्यांच्याच तुरुंगात त्याची बायको वारली. डिसेंबर १९४४ मध्ये ३४ जणांची तुकडी घेऊन सुरुवात केली आणि पुढे हाच देशाचा सेनापती, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान झाला. अमेरिकेच्या आधी, १९५४ ला, दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंचांना घेरलं तेव्हा तोफा माणसांनी दोर लावून डोंगरावर ओढत नेल्या होत्या. हल्ल्याचा दिवस ठरलेला, चिनी सल्लागार म्हणतायत झटपट मारा, आणि ऐन वेळी जियापला वाटलं आपण तयार नाही, त्याने हल्ला रद्द केला आणि तोफा परत खाली ओढायला लावल्या! आयुष्यातला सगळ्यात कठीण निर्णय, असं तो स्वतः म्हणाला. रसद सायकलींवर यायची, हँडलला बांबू बांधलेला, वर दोनशे किलोहून जास्त ओझं, सायकल चालवायची नाही, चिखलातून ढकलत न्यायची. १३ मार्चला हल्ला केला, ७ मेला फ्रेंच शरण आले. हा काही गनिमी कावा नव्हता, खंदक खणत खणत आवळलेला रीतसर वेढा होता.

आणि त्यांना प्रेरणेसाठी बाहेर बघायची गरज काय होती? १२८८ साली त्यांचा सेनापती त्रान हुंग दाओने बाख डांग नदीत टोकदार लाकडी खुंट ठोकून ठेवले, भरतीला मंगोलांची जहाजं आत ओढली, ओहोटी लागली आणि जहाजं खुंटांवर चढून फुटली. खाडीकाठच्या माणसाला ही युक्ती समजावून सांगायला लागू नये. पुढे चिन्यांना हाकलून देणारा ले लोई आहे, क्वांग त्रुंग आहे जो शेतकऱ्यांच्या बंडातून वर येऊन सम्राट झाला आणि १७८९ च्या नववर्षाला चिनी फौज बेसावध असताना तिच्यावर तुटून पडला. तिथली शाळकरी पोरं ही नावं पाठ करतात.

एक मान्य करतो, करावंच लागेल. कमी माणसं, अवघड मुलूख, अचानक छापा आणि रयतेचा आधार, ही साम्यं खरी आहेत. भारत-व्हिएतनाम मैत्रीही खरी, नेहरू १९५४ ला हनोईला गेले होते, हो ची मिन्ह १९५८ ला इथे आला होता. पण साम्य असलं म्हणजे शिष्य झाला असं होत नाही.

“प्रेरणा मिळते ना, मग काय बिघडलं?” बिघडतं. १९९५ ला व्हिएतनाम सरकारने आकडे दिले, ११ लाख लढवय्ये आणि सुमारे २० लाख सामान्य लोक मेले. त्यांचं श्रेय आपण एका मेसेजने उचलून आपल्या खिशात घालतो. आणि महाराजांना हनोईचं सर्टिफिकेट कशाला हवंय? १६७९ ला मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर महाराजांचा मायनाक भंडारी किल्ला बांधत होता, मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला, तरी रात्रीच्या अंधारात आपल्या छोट्या होड्या त्यांच्या मधून निसटून दगड आणि दाणागोटा पोचवत राहिल्या. ऑक्टोबरात महाराजांच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं ‘डव्हर’ नावाचं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, माणसांसकट पकडलं. आपली जहाजं या होड्यांना गाठू शकत नाहीत, हे रडगाणं इंग्रजांच्याच पत्रांत आहे. शेवटी १६८० च्या सुरुवातीला तह करून ते मागे फिरले आणि खांदेरी महाराजांकडेच राहिली. हे शत्रूने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, पाठवायचंच असेल तर हे पाठवा.