नंबर पुसलेलं इंजिन

आमच्या भुसावळच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर वाद चाललाय. चुलतभाऊ इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आला आणि १४ एप्रिलच्या वर्गणीचा मेसेज पडताच त्यानं लिहिलं, "‘मी’ असं काही नसतंच, मग अस्मिता कोणाची आणि मिरवणूक कशाची?" मोठ्या काकांनी पाच मिनिटांत ग्रुप सोडला.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये असली वाक्यं मी दर बुधवारी ऐकतो. ऑफिसात जेवणानंतर अर्धा तास माइंडफुलनेस, म्हणजे ध्यान असतं. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी याच राज्यात, जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी ते सुरू केलं. त्याला नावं ठेवणार नाही. पण आमच्या बाई सांगतात, राग येतोय ना, येऊ द्या, रागावणारा कोणी नाहीच. सगळे डोळे मिटतात. चौघांचं काम दोघांवर का आलं, हे विचारायचं राहूनच जातं.

बाबासाहेबांनी अनत्त, म्हणजे ‘आत्मा नाही’ हा बुद्धाचा विचार, असा वाचला नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच त्यांनी कोडं मांडलंय: आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? माझ्या आजीच्या दृष्टीनं यात सगळं आलं. मागल्या जन्मीचं पाप म्हणून तिला लोकांच्या ओट्याखाली उभं राहावं लागे. आता ते पाप वाहून आणणाराच नाही म्हटल्यावर वसुली कोणाकडून करणार? ‘मी नाही’ हे तिच्यासाठी कर्ज फिटल्याची पावती होती. भाऊ तीच पावती दाखवून तिच्या नातवंडांना गप्प बसायला सांगतो.

काकांची हयात लोको शेडमध्ये गेली. भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? काका लहानपणी मला तेच इंजिनावर शिकवायचे. मोटार म्हणजे इंजिन का रे? टपावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटो म्हणजे इंजिन का? परवा फोन केला, तर भडकलेलेच होते.

"इंजिनात शोधून इंजिन सापडत नाही, मान्य. पण त्याच्या कपाळावरचा नंबर पुस अन् शेडबाहेर काढून दाखव मला! आपला नंबर १९५६ ला दीक्षेत पडला, भो."

मग जरा थांबून म्हणाले, "तुझी वर्गणी आली नाही अजून."