पोहोच मिळाली, म्हणजे काम झालं

कोथरूडच्या एका काकूंनी बावधनला बिऱ्हाड हलवलं. डब्याच्या ॲपात नवा पत्ता टाकला, 'पत्ता बदलला' असा हिरवा पट्टाही झळकला, आणि दुसऱ्या दिवशी डबा कोथरूडच्याच दारात. असा फोन आला की गडबडून जाऊ नका. आधी सर्व्हर बंद करून चालू करा. मिक्सरपासून ॲपाची माहिती साठवणाऱ्या मोंगोडीबी डेटाबेसपर्यंत हा विधी सगळ्यांना चालतो.

नाही जमलं, तर नेटवर्कवर ढकला. ऑफिस हिंजवडीत असेल तर कोणी वादच घालणार नाही. जिथे माणूस वेळेवर पोचत नाही, तिथे डेटाचं काय घेऊन बसलात!

एक मात्र चुकूनही करू नका. अपडेटनंतर डेटाबेस जे उत्तर देतो, ते पूर्ण वाचू नका. 'ॲकनॉलेज्ड: ट्रू' (पोहोच मिळाली) दिसलं की नजर तिथेच थांबवा. अर्जावर आवक शिक्का बसला की तो मंजूरच झाला, असं आपण धरतोच ना? शेजारीच 'मॅच्डकाउंट: 0' असतं, म्हणजे काकूंच्या आयडीचं डॉक्युमेंटच (त्यांची नोंदच) सापडलं नाही. पण मोंगोच्या लेखी ही चूक नव्हेच. शोध म्हणालात, शोधलं. नाही मिळालं, शून्य सांगितलं. त्यात एररचा आरडाओरडा कशाला? सदाशिव पेठेतल्या दुकानदारासारखं आहे हे. 'आहे का' विचारलंत, 'नाही' म्हणाला. कुठे मिळेल, ते तुम्ही विचारलंच नव्हतं.

'पण आयडी तर बरोबर आहे!' आहेच की. 24 अक्षरं, एकेक जुळवून बघा. (मी जुळवली आहेत. स्क्रीनवर बोट ठेवून, रात्री साडेअकराला.) डेटाबेसात तो 12 बाइटचा ऑब्जेक्टआयडी आहे आणि ॲपातून येतोय तो अवतरणचिन्हांत गुंडाळलेला स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, एवढंच. दिसायला जुळे, पण एकमेकांना ओळख देत नाहीत. पिनकोडचंही तेच: 411038 हा आकडा वेगळा आणि '411038' हा स्ट्रिंग वेगळा.

ॲप आणि मोंगोच्या मध्ये मोंगूस ही लायब्ररी बसवणाऱ्यांनी हसू नये. मोंगूस आयडी परस्पर ऑब्जेक्टआयडीत बदलून देतो खरा, पण स्कीमात (आधी ठरवलेल्या रकान्यांच्या यादीत) नसलेलं फील्ड अवाक्षर न काढता गाळतो. आणि कोडमध्ये 'अवेट' (उत्तर येईपर्यंत थांब) लिहायला विसरलात, तर अपडेट डेटाबेसपर्यंत जातच नाही. त्यामुळे तुमचीही सोय आहे.

तरीही मॅनेजर मानगुटीवर बसलाच, तर रामबाण उपाय म्हणजे 'अपसर्ट: ट्रू'. जुनं सापडत नाही ना, मग नवं तयार! आता काकूंची दोन डॉक्युमेंटं. एकात नाव, फोन, पथ्य, 'भाजीत लसूण नको' आणि कोथरूड. दुसऱ्यात तोच आयडी स्ट्रिंगच्या वेषात, आणि नुसतं बावधन. ॲप स्ट्रिंगनेच शोधतं, त्यामुळे काकूंना स्क्रीनवर नवा पत्ता दिसतो. डबे पोचवणाऱ्या पोराची यादी मात्र जुन्या डॉक्युमेंटवरून निघते.

पुन्हा फोन आला तर शांतपणे म्हणायचं, "काकू, तुमच्या मोबाइलवर काय दिसतंय? बावधन ना? मग आमच्याकडून झालेलं आहे."

कोथरूडच्या त्या घरात आलेल्या नव्या भाडेकरूंची अजून एकही तक्रार नाही.