क्षयाचा जंतू शरीरात ‘झोपून’ राहतो का?

क्षयरोगाविषयीचा एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. शरीरात दडलेले क्षयाचे जंतू झोपलेले असतात, अन्नावाचून ते आपोआप मरतात, औषधाला दाद न देणारे जंतू मुळातच वेगळ्या जातीचे असतात, आणि म्हणून खोकला थांबल्यावर औषधे बंद केली तरी चालते, असा त्याचा आशय आहे. तो वाचून कोणी उपचार अर्ध्यावर सोडू नयेत, या काळजीने हे लिहीत आहे.

‘झोपलेले’ हा शब्दच इथे घात करतो. जंतूला गिळणारी महाभक्षी पेशी त्याच्यावर आम्लाचा आणि नायट्रिक ऑक्साइडचा मारा करते, त्याचा लोहाचा पुरवठा तोडते, आणि जंतूंभोवती गाठ तयार झाली की तिच्या आत ऑक्सिजनही कमी पडू लागतो. अशा जागी नुसते पडून राहून कोणी टिकत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लॉरेन्स वेन यांनी परीक्षानळीत हे स्पष्ट दाखवले होते: ऑक्सिजन एकाएकी काढून घेतला तर क्षयाचे जंतू लवकर मरतात, बंद नळीतला ऑक्सिजन त्यांनीच हळूहळू वापरून संपवला, तर ते वाढ थांबवून दीर्घकाळ जगतात. फरक आहे तो तयारीला मिळालेल्या अवधीचा.

ही तयारी जनुकांच्या पातळीवर होते. जंतूच्या डॉसटी नावाच्या प्रथिनात, हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच, लोहयुक्त हीम असतो. त्याला ऑक्सिजन चिकटलेला असेपर्यंत प्रथिन निष्क्रिय राहते. ऑक्सिजन सुटला, किंवा त्याच्या जागी नायट्रिक ऑक्साइड येऊन बसला, की ते डॉसआर या नियंत्रक प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि सुमारे 50 जनुके कामाला लागतात. आम्लतेला प्रतिसाद देणारी फोपीआर ही प्रथिनांची जोडी वेगळी आहे, लोहटंचाईची व्यवस्था वेगळी आहे, आणि कोणत्या संकटात कोणती जनुके वाचायची हे ठरवणारे सिग्मा घटक तब्बल 13 आहेत. इतकी हालचाल जिथे चालते, तिला झोप म्हणणे मला मान्य नाही.

उपासमारीचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. जंतू यजमानाच्याच मेदाम्लांवर आणि कोलेस्टेरॉलवर जगतो. मेद पचवायला लागणाऱ्या आयसोसायट्रेट लायेज या विकराची (एन्झाइमची) दोन्ही जनुके काढून टाकलेले जंतू उंदरांच्या फुप्फुसात तग धरू शकले नाहीत; ज्यांच्याकडे ती असतात ते उपाशी राहत नाहीत.

‘वेगळी जात’ या म्हणण्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. रायफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला प्रतिरोध येतो तो बहुतेक वेळा आरपीओबी या जनुकातील उत्परिवर्तनामुळे, आणि तो पुढच्या पिढ्यांत उतरतो. औषधसहिष्णुतेत, म्हणजे जंतू औषधापुढे काही काळ तग धरतो तेव्हा, मात्र जनुके तीच असतात, फक्त त्यांचा वापर बदलतो. आयसोनियाझिड हे क्षयाचे दुसरे औषध जंतूची नवी पेशीभित्तिका बनू देत नाही. जो वाढतच नाही, त्याचे ते फारसे बिघडवू शकत नाही. परिस्थिती पालटून तोच जंतू वाढू लागला, की त्याची संतती त्याच औषधाने मरते.

एवढे मात्र खरे, की संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. पण ज्याला रोग झाला आहे, त्याच्या औषधांबाबत या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खोकला थांबतो तो वेगाने वाढणारे जंतू मेल्यामुळे. नेहमीच्या 6 महिन्यांच्या उपचारातले शेवटचे 4 महिने मागे उरलेल्या संथ जंतूंसाठी असतात. कॉर्नेल विद्यापीठात 1950 च्या दशकात उंदरांना आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड देण्यात आले, तेव्हा त्यांच्या अवयवांतून एकही जंतू वाढवता येईना. औषधे थांबवल्यावर काही महिन्यांतच अनेक उंदरांत जंतू पुन्हा सापडले, आणि त्या जंतूंवर तीच औषधे पूर्वीसारखीच लागू पडत होती.