पुंडलिकाच्या घरी भाकऱ्या कोण थापत होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

वारीतला सेवाभाव घरात आणण्याबद्दल मी मागे लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया गेल्या आठ दिवसांत मी पुन्हा पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीने लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माउलींची पालखी फलटणला मुक्कामी येते तेव्हा आमच्या आळीत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून ते चेपून देतात. मीही बरीच वर्षं हे करतो. समोरचा कोण, कुठल्या गावचा, हे न विचारता आपण त्याला माउली म्हणतो आणि वाकतो. मग हाच भाव घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी का नसावा, असं मी विचारलं होतं. आईचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी तिचे पाय चेपताना मला काय वाटतं ते लिहिलं होतं, आणि ओघाने पुंडलिकाची गोष्ट आली होती.

त्यावर तुम्ही लिहिलंत: "पुंडलिकाच्या घरी भाकऱ्या कोण थापत होतं, ते कोणी सांगत नाही. पुरुषाने संध्याकाळी अर्धा तास केलं की सेवा, बाईने जन्मभर केलं की कर्तव्य. सेवा, भाव, माउली ही आमच्या गळ्यातली दावी आहेत. तुमच्या पत्नीला विचारलंत का कधी?" आणि शेवटी, सासूबाईंचं अकरा वर्षं केलंत, त्या जाऊन आता वर्ष होईल, तरी रात्री दोनला जाग येते, असं.

पुंडलिकाबद्दल आधी. तुमचा प्रश्न मी मनात धरून बसलो तेव्हा लक्षात आलं की त्याची बायको गोष्टीत आहे, पण फक्त सुरुवातीला. म्हाताऱ्या आईबापांना काशीच्या वाटेवर पायी चालवायचं आणि बायकोचे लाड करायचे, असा तो आधीचा पुंडलिक कीर्तनात रंगवून सांगतात. पुढे त्याचे डोळे उघडतात, तो आईबापांच्या पायाशी बसतो, देवाला वीट टाकून थांबायला सांगतो. इथून पुढे बायको कुठेच नाही. त्याच्या चुकीचं कारण म्हणून ती लागली, आणि घरात सेवा सुरू झाली तेव्हा तिचं नाव गेलं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय, पण हे मला कधी खटकलं नव्हतं.

आणि हे जुन्या गोष्टीपुरतंही नाही. 2019 साली केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आणि त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस.

पत्नीला विचारलंत का, या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही' असं होतं. म्हणून विचारलं. तुमची प्रतिक्रियाच तिला वाचायला दिली. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "सेवाबिवा मला नाही कळत. रात्री कूस बदलायला दुसरं कोणी उठलं असतं, तर मला झोप मिळाली असती."

पाठीला जखम होऊ नये म्हणून आईला दर दोन तासांनी वळवावं लागतं. हवेची गादी आहे, तरीही. रात्री बारा, दोन, चार. हे ती करत होती आणि मी झोपलेला असे. लेखात मी संध्याकाळचं तेल लिहिलं, रात्रीचे तीन गजर लिहिले नाहीत. लपवले असं नाही, मला ते दिसलेच नव्हते. मला वाटतं, हे लपवण्याहून वाईट आहे.

तेव्हापासून रात्री माझ्याकडे आहेत. चौथ्या रात्री मला समजलं की वारकऱ्याचे पाय चेपणं मला इतकं सहज का जमत होतं. तो सकाळी पुढच्या मुक्कामाला निघून जातो. त्याचा राग यायला, त्याला कंटाळायला वेळच मिळत नाही. आईला पहाटे चारला वळवताना ती कण्हते, कधी हात झिडकारते, आणि आपण मुकाट्याने रागावतो. मूळ लेखात ही गोष्ट यायला हवी होती.

दिवसाचंही थोडं घ्यावं म्हणून मी आंघोळ घालायला गेलो, तर आईने पदर घट्ट धरून ठेवला. "तू नको," एवढंच म्हणाली. मुलाकडून अंग पुसून घ्यायची तिला लाज वाटत होती आणि मी आपल्या भक्तीच्या भरात पाण्याची बादली घेऊन उभा होतो. जिची सेवा करायची तिला ती कोणाकडून, कशी हवी आहे, हे आधी विचारायचं असतं. आता आंघोळीला एक मावशी येतात. त्या येऊ लागल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसलं की आमच्याकडे त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवला गेलाय, खिडकीत. कोणी सांगितलं नव्हतं, आपसूक झालं. पालखीत जात न विचारता पाया पडणारं हे घर. तो कप मी फडताळात बाकीच्या कपांत ठेवला आहे.

इथवर तुमचं सगळं मान्य. एका ठिकाणी मात्र मी अडतो, आणि ते स्पष्ट सांगतो. तुम्ही म्हणता सेवाभाव हा शब्दच टाकून द्या, कामं वाटून घ्या, संपलं. कामं वाटलीच पाहिजेत, आणि ती आधी. पण वाटून झाल्यावरही मी आईला दोन तऱ्हांनी वळवू शकतो. गजर झाला, चादर ओढली, उलटवलं, झोपलो. ही एक तऱ्हा. दिवा लावून, "आई, वळवतोय हं" म्हणून, हात चोळून गरम करून, तिने कठडा धरेपर्यंत थांबून, ही दुसरी. दोन्हींत काम तेच, वेळ फार तर दोन मिनिटं जास्त. अंधारात अचानक कुणाचे गार हात लागले की ती दचकते. या दुसऱ्या तऱ्हेला मी भाव म्हणतो, आणि दुसरा शब्द मला सापडत नाही.

तो शब्द दावं कधी होतो, यावर मी खूप विचार केला. तो दुसऱ्याला सांगितला की. सुनेला, बायकोला, बहिणीला "सेवा समजून कर" म्हणणाऱ्याने स्वतःचं काम तिच्या अंगावर टाकलेलं असतं. जनाबाईच्या अभंगांत हे उलटं आहे. नामदेवांच्या घरची ती दासी. तुझं दळण हीच तुझी पूजा, असं सांगून तिचा विठ्ठल बाजूला उभा राहत नाही. तो जात्याला हात लावतो, पाणी भरतो, शेणी वेचतो, तिने झाडलेला केर उचलतो. राबणाऱ्या बाईने सातशे वर्षांपूर्वी देव असा पाहिला. घरात सेवाभाव आणायचा तर पहिला हात तिथे लागायला हवा, जी थकली आहे तिच्या जात्याला. मी आईचे पाय धरले आणि बायकोचं जातं सोडून दिलं, ही माझी चूक होती.

परवा ती आठ दिवसांसाठी मिरजेला बहिणीकडे गेली. आई आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

तुमच्या त्या शेवटच्या ओळीबद्दल काही लिहावं असं फार वाटतं, पण माझ्याजवळ तेवढ्या रात्री जमा नाहीत. त्या अकरा वर्षांत तुम्हाला कोणी एक रात्र तरी झोपू दिलं का? सांगावंसं वाटलं तर लिहा. मी मध्ये काही बोलणार नाही, नुसतं वाचेन. आता दोन वाजत आलेत, आईला वळवायचं आहे.