तीस हजारांचे इअरफोन आणि मिरजेचा तानपुरा

दिवाळीचा बोनस जमा झाला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "इअरफोनसाठी तीस हजार बाजूला काढलेत, कुठले घेऊ?" वर पुस्ती असते, "एकदाच घ्यायचेत, तेव्हा जरा भारीतलेच सांग." मॉडेलचं नाव सांगायच्या आधी मी विचारतो, ऐकतोस काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "सगळंच." सगळंच कोणी ऐकत नाही हो. गेल्या महिन्यात फोनवर काय काय वाजलं ते उघडून बघा, खरं काय ते कळेल.

हे विचारण्यामागे कारण आहे. तारवाल्या इअरफोनच्या दुनियेत, म्हणजे ज्यांना हौशी लोक आयईएम म्हणतात त्यांच्यात, तीस हजार ही आता भरपूर मोठी रक्कम आहे. एवढ्या पैशांत वाईट वस्तू पदरी पडणं तसं कठीण. आपल्याला न जुळणारी वस्तू मात्र अगदी सहज पदरी पडते, आणि ती पडते दुसऱ्याच्या गाण्यांवर ठरवल्यामुळे. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू पाश्चात्त्य पॉप, इलेक्ट्रॉनिक आणि जपानी गाण्यांवर केलेले असतात. त्यात गैर काही नाही, ती मंडळी तेच ऐकतात. पण माझ्या वयाच्या मराठी माणसाच्या फोनमध्ये काय असतं? आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं, कोणीतरी मैफलीत टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं नाट्यसंगीत. यातलं बरंचसं मोनो. टेपची सरसर आणि तबकडीची खरखर सोबतीला. 'ट्रेबलमध्ये (म्हणजे वरच्या, टोकदार आवाजात) काय डिटेल आहे!' असं ज्या इअरफोनचं कौतुक होतं, तो ही सरसर इमानेइतबारे कानात आणून ओततो आणि अर्ध्या तासात डोकं धरतं.

मोनोत साउंडस्टेज, म्हणजे वाद्यं डावी-उजवीकडे पसरल्याचा भास, ही भानगडच नसते. दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि गाणारा डोक्याच्या मधोमध उभा राहतो. त्यामुळे अमुक इअरफोनचा साउंडस्टेज किती रुंद यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अशा रेकॉर्डिंगला गरज असते ती डावा-उजवा तंतोतंत सारखा वाजण्याची. एक बाजू किंचित मोठी असली की बुवा सरकून एका कानात जाऊन बसतात, आणि एकदा ते लक्षात आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

तर माझी परीक्षा तानपुऱ्याची. रेकॉर्डिंग नवं आणि चांगलं घ्यायचं, तानपुरा शक्यतो मिरजेचा. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फार आधी मिळायला हवं होतं, पण तो विषय वेगळा.) घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावलेली असते. तार छेडली की आधी मूळ स्वर येतो आणि मग त्याचे वरचे स्वर एकेक करून उमलत, फिरत राहतात. चांगल्या इअरफोनवर हे फिरणं स्वच्छ ऐकू येतं आणि तरी गायकाच्या मागेच राहतं. ट्रेबल फुगवलेला असेल तर तो झणकार पुढे येऊन गळ्यावर चढतो. ट्रेबल दाबलेला असेल तर नुसती घरघर उरते, पंचमाची तार संपून जोडीच्या दोन तारा कुठे सुरू झाल्या ते कळत नाही. बेस वाढवलेला असेल तर खर्जाची तार बाकी तिघींना गिळून टाकते. चार तारा, पाच मिनिटं, एवढ्यात इअरफोनबद्दल जे कळतं ते दहा गाणी बदलून कळत नाही. त्यानंतर हवं तर तबला लावा. डग्ग्यावरचा 'गे' घसटत वर जाताना प्रत्येक टप्प्यावर सारखा ऐकू आला पाहिजे, मध्येच एखाद्या जागी ढुम्म करून फुगला तर समजायचं की बेस रंगवलेला आहे.

आता कानात बसण्याविषयी. लोक सर्वांत कमी वेळ यावर घालवतात आणि सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. टिप, म्हणजे इअरफोनच्या तोंडावरची मऊ टोपी, कानात हवाबंद बसली नाही तर खालचे स्वर चक्क बाहेर गळतात. मग माणूस म्हणतो, "बेसच नाही यात," आणि वस्तू परत करतो. तपासायची रीत सोपी आहे. गाणं चालू ठेवून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस वाढला तर टिप चुकलीय. आपले दोन कान एकसारखे असतीलच असं नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागते अशी माणसं कितीतरी आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तीस हजारांतले दीड-दोन हजार वेगळ्या टिप्ससाठी आधीच बाजूला ठेवा. स्पिनफिट, फायनलच्या टाइप ई, अझला, शिवाय फोमवाल्या कॉम्प्लाय, असे पर्याय आहेत. डब्यात येणाऱ्या टिप्स सगळ्यांनाच बसतात असं नाही.

कुठला स्वर किती जोरात वाजतो ते दाखवणारे इअरफोनचे ग्राफ बघायचे की नाही? जरूर बघा, पण त्यांचं किती ऐकायचं ते ठरवून. कानाच्या नळीमुळे साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढतो. इअरफोन नळीत घुसला की ही नैसर्गिक वाढ बिघडते, म्हणून ती ट्यूनिंगमध्ये, म्हणजे कंपनी आवाजाचा तोल बसवते तेव्हा, परत भरून द्यावी लागते. ग्राफमध्ये तिथे जो डोंगर दिसतो तो त्यासाठी. तो कमी पडला तर गायक भिंतीपलीकडून गातोय असं वाटतं, जास्त झाला तर तारसप्तकात गेला की कान दुखतो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन कंपनीत श्रोत्यांच्या आवडीवर बरंच काम केलं, त्यातून आलेली हार्मन रेषा (बहुतेकांना आवडेल असा ग्राफ) आज निम्मी इंडस्ट्री प्रमाण मानते. माझ्या मते तिच्यात बेस आपल्या शास्त्रीय संगीतासाठी जरा जास्तच आहे. आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचा ग्राफ फारसा मनावर घेऊ नये, कारण तिथलं शिखर इअरफोन किती आत बसला यावर सरकतं. तुमचा कान म्हणजे मोजणीचं यंत्र नव्हे.

ड्रायव्हर, म्हणजे आत आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, किती, हा प्रश्न मात्र सरळ सोडून द्या. सेनहायझरचा आयई ९०० हा इअरफोन २०२१ मध्ये आला तेव्हा १,३०० डॉलरचा होता आणि त्यात ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे. उलट बाजूला एकेका कानात चार-पाच ड्रायव्हर कोंबलेले इअरफोन काही हजारांत मिळतात. २०१७ मध्ये येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (म्हणजे त्या ग्राफमधली रेषा) यांच्यात संबंध सापडला नाही. जास्त पैशांत काय मिळतं? बांधणी, दोन्ही बाजूंचा मेळ, बदलता येणारी वायर, आणि नशिबाने चांगलं ट्यूनिंग. ड्रायव्हरचा आकडा डब्यावर छापायला बरा.

नावं हवीतच म्हणता? घ्या, पण ही माझी मतं आहेत. मूनड्रॉप ब्लेसिंग ३ (परदेशातली किंमत ३२० डॉलर, म्हणजे आपल्या बजेटच्या काठावर) स्वच्छ, मोकळा आणि किंचित चमकदार. आजकालची स्टुडिओ रेकॉर्डिंग, सतार, संतूर यांना फारच छान. जुन्या तबकड्यांना नको. शिवाय त्याची कानात जाणारी नळी जाड आहे, कान लहान असेल तर विकत घेण्याआधी कोणाचा तरी घालून बघाच. सेनहायझर आयई २०० निम्म्याहून कमी किमतीत येतो, एवढासा आहे, झोपून ऐकलं तरी टोचत नाही, बेस जरा उबदार. यात टिप दोन जागी बसवता येते आणि त्याने बेस बदलतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्याची वायर लावायची खोबण मात्र वेगळी, त्यामुळे एमएमसीएक्स जातीच्या जोडणीची कुठलीही वायर त्यात बसेलच असं नाही.

आणि माझा लाडका, एटिमोटिकचा ईआर४. याचं मूळ मॉडेल १९९१ चं, बनवणारी कंपनी श्रवणयंत्रांच्या अभ्यासातून आलेली, आणि आतला बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरही श्रवणयंत्रांच्याच घराण्यातला. २०१६ मध्ये त्याचे एसआर आणि एक्सआर असे दोन अवतार आले. एक्सआरमध्ये बेस चिमूटभर जास्त. मानवी गळा याच्यावर जसा ऐकू येतो तसा मी याच्या दुप्पट किमतीतही क्वचित ऐकलाय. पण तीन पाकळ्यांची ती टिप कानात इतकी खोल जाते की पहिल्यांदा घालताना ईएनटीच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. काहींना ते कधीच जमत नाही. तसं असेल तर आवाज कितीही चांगला असो, पैसे वायाच. भारतात तो कधी मिळतो, कधी नाही.

तीसातले दहा हजार डॅकवर (फोनमधलं डिजिटल गाणं इअरफोनसाठी आवाजात बदलणाऱ्या यंत्रावर) घालवायचे नाहीत, हे मी हात जोडून सांगतो. यातले बहुतेक इअरफोन साध्या डोंगलवर, म्हणजे हेच काम करणाऱ्या फोनला लावायच्या छोट्या तुकड्यावर, मजेत वाजतात. अ‍ॅपलचा हजार रुपयांच्या आतबाहेरचा यूएसबी-सी डोंगल अजूनही उत्तम आहे, फक्त अनेक अँड्रॉइड फोनवर तो आवाज फार कमी देतो. तेव्हा अँड्रॉइडवाल्यांनी दुसरा कुठला तरी घ्यावा. बघायचं एवढंच की त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विजेचा अडथळा) एक ओहमच्या आसपास किंवा त्याखाली असावा. नाहीतर अनेक ड्रायव्हरवाल्या इअरफोनचा सूर त्याच्यावर बदलतो आणि दोष इअरफोनला लागतो.

"मग ब्लूटूथवालेच का नकोत?" हा प्रश्न येणारच. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज गर्दीत जाणार, मध्येच फोन घेणार, गाणं पार्श्वभूमीला असणार, तर नॉइज कॅन्सलिंगवाले ब्लूटूथच घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त त्यांची बॅटरी काही वर्षांत थकते आणि मग सगळी वस्तूच टाकावी लागते. तारवाल्याची वायर बदलली की झालं.

अजून एक करून बघण्यासारखं आहे. तीस हजार खर्च करायच्या आधी दोन-अडीच हजारांचा एखादा बरा इअरफोन घ्या, अँड्रॉइडवर वेव्हलेटसारखं इक्वलायझर अ‍ॅप टाका, आणि महिनाभर स्वतःच्याच गाण्यांवर खेळा. ३ किलोहर्ट्झला जरा वर करा, खाली करा. बेस दोन डेसिबलने उतरवा. आपल्याला काय आवडतं ते हाताला कळतं, आणि मग दुकानदाराशी बोलताना 'वॉर्म', 'ब्राइट' हे शब्द हवेत राहत नाहीत. माझ्या ओळखीतले काही जण या टप्प्यावरच थांबले, उरलेल्या पैशांत सवाई गंधर्वचा सीझन पास काढला आणि पुण्यातला मुक्काम भागवला.

घेतल्यावरची गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडची हवा या वस्तूंची वैरीण आहे. वापर झाला की पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. आणि काही महिन्यांनी एक बाजू बारीक वाजायला लागली की लगेच वॉरंटीचा कागद शोधू नका. आधी नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरून बघा. नव्वद टक्के वेळा तिथे कानातला मळ बसलेला असतो. तोंड खाली करून मऊ ब्रशने हलकेच झाडा, वरून टाचणी खुपसू नका. ईआर४ चे फिल्टर तर काढून नवे घालता येतात, त्याची किल्लीसारखी छोटी पिन डब्यातच येते. बहुतेक जण ती पहिल्याच दिवशी डब्यासकट कपाटावर टाकून देतात.